टपटपणारी झडप

महागावातील जुन्या व्यापारी घरांना तांब्याचा बंब नवा नाही. वरून थंड पाणी ओतावे, तोटीतून तितकेच कढत पाणी यावे. तोंड उघडे, म्हणून वाफ कोंडत नसे. आता त्याच मोरीत, जुन्याच नळांना गिझर जोडला जातो. त्याची टाकी बंद असते. तापलेले पाणी फुगते आणि सुरक्षा झडपेतून थेंब पडतात. ती गळती समजून झडपेला बूच मारणारे कारागीर आढळतात. हे फार घातक! थर्मोस्टॅट व कट-आउट दोन्ही बिघडले, तर कोंडलेले पाणी १०० अंशांपलीकडे तापते. टाकी फुटताच त्यातील काही पाण्याची क्षणात वाफ होते, आणि वाफेला पाण्याच्या सुमारे १,६०० पट जागा लागते. झडपेला उघड्या तोंडाची नळी जोडून ती मोरीच्या जाळीपर्यंत न्यावी. बोअरच्या जड पाण्याने झडप क्षार धरते. ती अधूनमधून तपासून घ्यावी.