गाड्यांची रांग आणि रुग्णांची रांग

ऐन हंगामात गव्हाण बंद पडली की यार्डात गाड्यांची रांग लागते, हे आपणांस सांगायला नको. ऊस वाळतो, वजन घटते, उतारा पडतो. अशा वेळी काट्यावर आणखी दोन माणसे बसवली म्हणून रांग हटते का? अडचण पुढे असते.

इस्पितळाच्या तातडीच्या विभागाचे असेच आहे. इंग्लंडात सरकारी आरोग्यसेवेने २००४ साली नियम घातला की, आलेल्या १०० पैकी ९८ रुग्णांना चार तासांच्या आत घरी तरी पाठवावे किंवा वॉर्डात तरी घ्यावे. २०१० मध्ये हे प्रमाण ९५ वर आणले. जुलै २०१५ नंतर देशपातळीवर तेही एकदा गाठता आलेले नाही. रुग्ण व्हरांड्यात ट्रॉलीवर तासन्‌तास पडून राहतात. जानेवारी २०२५ मध्ये तिथल्या परिचारिकांच्या संघटनेने ५ हजारांहून जास्त जणींचे-जणांचे अनुभव छापले, ते वाचवत नाहीत.

लोक म्हणतात, किरकोळ दुखण्याची माणसे गर्दी करतात. थोडे खरे आहे, पण मूळ दुखणे ते नव्हे. वॉर्डातल्या खाटाच मोकळ्या होत नाहीत. बरा झालेला म्हातारा माणूस, घरी बघणारे कोणी नाही, म्हणून खाट अडून राहते. याची किंमत जिवाने मोजावी लागते. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या इंग्लंडच्या अभ्यासाचा हिशेब असा: वॉर्डात जायला सहा ते आठ तासांपेक्षा जास्त खोळंबलेल्या दर ८२ रुग्णांमागे एक जादा मृत्यू.

न्यूयॉर्क राज्यातल्या स्टोनी ब्रुक इस्पितळात डॉ. पीटर व्हिसेलिओ यांनी २००१ साली तोड काढली. तुंबलेले रुग्ण एकेक-दोनदोन करून निरनिराळ्या वॉर्डांच्या व्हरांड्यात वाटून दिले. कुणी म्हणेल, व्हरांडा तो व्हरांडाच! पण भार वाटला गेला, आणि रुग्ण डोळ्यांपुढे दिसू लागला की वॉर्डातले लोकही खाट मोकळी करायची घाई करतात. रुग्णांनाही तो व्हरांडा बरा वाटला.

आपल्याकडे डॉक्टर सकाळी सुट्टी सांगतात नि कागद, बिल, गाडी करता करता संध्याकाळ होते. सुट्टी ठरली की नातेवाईकांनी सकाळीच हजर राहावे, खाट दुपारी दुसऱ्याला मिळते. आणि तातडीच्या विभागात ‘आधी आला तो आधी’ हा काट्यावरचा नियम चालत नाही, तिथे भांडू नये. फडात साप चावला किंवा छातीत कळ आली तर मात्र मांत्रिक-बिंत्रिक न करता लगेच १०८ ला फोन लावावा. ही गाडी आपल्या राज्यात २०१४ पासून आहे, पैसे पडत नाहीत.