सांवळ्या रंगाचें माहात्म्य

रंग बहुतेकांच्या डोळ्यांना साधारण सारखाच दिसतो. पण त्याचा अर्थ प्रत्येक समाज आपापल्या परीनें ठरवितो. मलायी लोकांत पिवळा हा राजघराण्याचा रंग. न्यूझीलंडच्या माओरी भाषेंत ‘कुरा’ या एकाच शब्दानें तांबडें आणि अमोल या दोहोंचा बोध होतो.

मराठी काव्यांत हा मान सांवळ्या रंगास मिळाला आहे. लोकव्यवहारांत काळा अशुभ. छावणींतील मराठी घरांतूनहि मंगलकार्यांत तो टाळतात, संक्रांतीची चंद्रकळा तेवढी अपवाद. परंतु ज्ञानदेवांपासून पैठणच्या एकनाथांपर्यंत संतांचें दैवत सांवळेंच. पंढरीची मूर्ति काळ्या पाषाणाची. वारकऱ्याच्या कपाळींचा बुक्काहि काळा. ज्ञानदेवांच्या नांवावरील एका अभंगांत तर आकाश आणि ब्रह्म दोन्ही निळींच होतात. यांतील मर्म असें दिसतें कीं, गडद रंगांत इतर सारे रंग लोपतात; म्हणून ज्याला रूप नाहीं, त्याला तोच शोभतो.

‘वर्ण’ या शब्दाचे अर्थहि दोन आहेत: एक रंग, दुसरा समाजांतील पायरी. चौदाव्या शतकांत अस्पृश्य गणलेल्या चोखामेळ्यांना देवळाबाहेर राहावें लागलें. त्यांच्या पत्नी सोयराबाई यांनीं मात्र सारे रंग एक झाल्याचा अनुभव अभंगांत सांगितला. पंढरपूरचें मंदिर अस्पृश्यांस खुलें होण्यास साने गुरुजींच्या उपोषणाचें १९४७ साल उजाडावें लागलें. काव्यांतील रंग व्यवहारांत उतरण्यास सहा शतकें लागलीं.