फाट्यावरच्या गाडीचे डबे

आगगाडीची छोटी प्रतिकृती घरात मांडून चालवणे हा मुलांचा खेळ, असा आपल्याकडे समज आहे. इंग्लंडात हा पोक्त माणसांचा छंद आहे, आणि इतिहाससंशोधकाच्या चिकाटीने तो जोपासला जातो. एखादा लहानसा फाटा निवडावयाचा आणि एखाद्या ठरावीक वर्षी तो जसा होता तसा, फूटभर अंतराला चार मिलिमीटर ह्या मापाने, मेजावर उभा करावयाचा. ह्या छंदात इंजिनावर पुष्कळ बोलले जाते. डब्यांकडे मात्र दुर्लक्ष होते, आणि काळाची गफलत नेमकी तेथेच होते.

उदाहरणाला एकच फाटा घेऊ. नैर्ऋत्य इंग्लंडातील डेव्हन परगण्यात टॉटनेसहून अ‍ॅशबर्टनला जाणारा हा फाटा १८७२ साली सुरू झाला. लांबी जेमतेम साडेनऊ मैल. वाटेचा बराच भाग डार्ट नदीच्या काठाने. आरंभी त्याचे रूळ सात फुटांहून किंचित अधिक रुंदीचे होते. १८९२ च्या मे महिन्यात ते नेहमीच्या रुंदीचे करण्यात आले. म्हणजे त्याआधीचे वर्ष निवडणाऱ्याला आजच्या दुकानातला एकही डबा उपयोगी नाही, हे उघडच आहे.

समजा, आपण १९३५ साल निवडले. हा मार्ग ग्रेट वेस्टर्न कंपनीचा. त्या वर्षी कंपनीने आपल्या शतसांवत्सरिक उत्सवानिमित्त कॉर्निश रिव्हिएरा ह्या नामांकित गाडीसाठी नऊ फूट सात इंच रुंदीचे ऐटबाज डबे बांधले. डबे १९३५ चे, कंपनी तीच, परगणाही तोच. मग ते अ‍ॅशबर्टनला का नकोत? कारण फाट्यावर नवे कोरे डबे सहसा येत नसत. थोरल्या भावाचा सदरा धाकट्याला मिळावा, तशी मुख्य मार्गावर वीस-पंचवीस वर्षे धावलेली गाडी फाट्याच्या वाट्याला येई. छपराच्या मध्यावर खिडक्यांचा उंचवटा असलेले डबे बांधणे ह्या शतकारंभीच थांबले होते म्हणावे, तर ते शतकही आता मागे पडले. विसाव्या शतकाच्या आरंभी थांबले होते. तरीही तसले डबे दुसऱ्या महायुद्धाच्या तोंडावरही कोठे कोठे फिरत होते. म्हणून वर्ष ठरले की डबे त्याच्या मागचे पाहावेत. शिवाय अर्ध्या-पाऊण तासाच्या प्रवासाला डब्यातून आरपार जाणारी वाट लागत नाही की भोजनाचा डबाही लागत नाही.

ह्या नियमाला एक मोठा अपवाद आहे, आणि तो समजून घेण्याजोगा आहे. फाट्याच्या टोकाला गाडी पोहोचली की इंजिन सोडवून, बाजूच्या रुळावरून फिरवून, पुन्हा दुसऱ्या बाजूस जोडावे लागते. दिवसातून अनेकदा हा उपद्व्याप, आणि उतारू मोजके. त्यावर तोड म्हणून कंपनीने १९०३ साली, डबा आणि इंजिन एकाच सांगाड्यावर असलेल्या वाफेच्या मोटारी काढल्या. गर्दी वाढली की त्यांची ताकद अपुरी पडे. पुढे इंजिन वेगळे ठेवून खास डबा बांधण्यात आला. त्याचे नाव ऑटोकोच. त्याच्या टोकाला ड्रायव्हरची खोली असे. परतीच्या वेळी ड्रायव्हर तेथे जाऊन उभा राही, फायरमन इंजिनावर थांबे, आणि डब्याखालून गेलेल्या दांड्यांनी वाफेची झडप पुढूनच हाताळली जाई. इंजिन मागून ढकलत असे. खेड्यांतील थांब्यांवर तिकीटखिडकी नसे, तेव्हा गार्डाला आत फिरून तिकिटे देता यावीत म्हणून ह्या डब्याला कप्प्यांऐवजी मोकळे दालन दिलेले होते. सखल थांब्यांसाठी पायऱ्याही खाली सोडता येत. ह्यासाठी स्विंडनच्या कारखान्यात १९३२ पासून लहान इंजिने तयार झाली. एक इंजिन, एक ऑटोकोच: अ‍ॅशबर्टनची गाडी म्हणजे बहुधा एवढीच. साडेएकोणसाठ फुटांचा हा डबा प्रतिकृतीत साडेतेवीस सेंटिमीटरांहून थोडा अधिक होतो, आणि लहानशा फलाटापाशी शोभून दिसतो. अनेक जण हौसेने चार डबे जोडतात. मग फाटा फाटा राहत नाही.

रंगाचे प्रकरण जास्त नाजूक आहे. ग्रेट वेस्टर्नचा चॉकलेटी व मलईचा जोडरंग प्रसिद्ध आहे, पण १९०८ ते १९२२ ह्या काळात तो नव्हता. आधी सगळा डबा तपकिरी, नंतर किरमिजी असे. १९४८ च्या जानेवारीत रेल्वे सरकारी झाली. १९४९ पासून लाल व मलईचा रंग आला, १९५६ पासून गडद लाल. आता, डबे काही एका रात्रीत रंगवले जात नाहीत. १९५७ च्या गाडीत दोन डबे असतील, तर एक जुन्या रंगाचा आणि एक नव्या रंगाचा ठेवणेच मला अधिक खरे वाटते. सारे डबे एकसारखे चकचकीत असले की दुकानाची मांडणी वाटते.

हे सारे कशासाठी, असे विचारणारे निघतीलच. अ‍ॅशबर्टनची उतारूंची गाडी १९५८ च्या नोव्हेंबरात बंद झाली, मालगाडी १९६२ मध्ये. हौशी मंडळींनी १९६९ साली टॉटनेस ते बकफास्टले हा तुकडा पुन्हा चालू केला, आणि गंमत अशी की त्याच्या उद्घाटनाला आले ते डॉ. बीचिंग, ज्यांच्या १९६३ च्या अहवालाने देशभरच्या फाट्यांवर कुऱ्हाड चालवली होती! पण बकफास्टलेपुढचा तुकडा १९७१ साली रस्ता रुंद करताना गेला. अ‍ॅशबर्टनच्या लाकडी छपराखाली आता गाडी येते ती कोणाच्या तरी मेजावरच.

आणखी एक बाब, दारावरच्या अक्षरांची. आपल्याकडे तिसरा वर्ग १९७४ पर्यंत होता, तेव्हा तो शब्द वडीलधाऱ्यांच्या ओळखीचा. इंग्लंडात मिडलंड कंपनीने १८७५ सालीच दुसरा वर्ग काढून टाकला, हळूहळू इतरांनीही तेच केले, आणि मग कित्येक दशके पहिला व तिसरा एवढेच वर्ग उरले. ३ जून १९५६ रोजी तिसऱ्याला दुसरा म्हणू लागले. तेव्हा १९५५ च्या डब्यावर दुसऱ्या वर्गाची खूण दिसली, तर ती खरवडून काढावी.