खजिना, मेळा आणि येता अर्थसंकल्प

राज्याचा अर्थसंकल्प भोपाळच्या विधानसभेत सादर होतो खरा, परंतु त्याच्याविषयीची सर्वांत जुनी आणि सर्वांत चिकाटीची चर्चा ग्वाल्हेरच्या व्यापारी पेठांतून चालते. आणि त्यात नवल नाही, कारण १९०६ साली शिंदे सरकारच्या अमदानीत स्थापन झालेली व्यापाऱ्यांची जी संस्था आज मध्य प्रदेश चेंबर ऑफ कॉमर्स अँड इंडस्ट्री या नावाने ओळखली जाते, तिने राज्ये विलीन झाली, राजधानी अन्यत्र गेली, तरी आपले मुख्य दफ्तर या शहरातून हलविलेले नाही. अर्थसंकल्पाचे दिवस जवळ आले की दाल बाजारातील धान्याचा अडत्या, सराफ्यातील पेढीवाला आणि मालनपूरचा कारखानदार आपापली गाऱ्हाणी मांडू लागतात: इंधनावरचा व्हॅट उतरवा, मंडी शुल्क कमी करा, व्यवसाय कर रद्द करा. या मागण्यांपैकी कोणत्या रास्त आणि कोणत्या नुसत्या सवयीच्या, याची छाननी सामान्य वाचकानेही करावयास हरकत नाही.

त्यासाठी प्रथम हे ध्यानात घेतले पाहिजे की १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर लागू झाल्यापासून राज्याच्या अर्थमंत्र्याचे हात पूर्वीइतके मोकळे राहिलेले नाहीत. साबणावर किंवा कापडावर किती कर असावा हे आता जीएसटी परिषद ठरविते, तेथे केंद्राच्या मताला एक तृतीयांश व सर्व राज्यांना मिळून दोन तृतीयांश वजन असते, आणि निर्णयाला तीन चतुर्थांश बहुमत लागते; तेव्हा कोणत्याही एका राज्याला स्वतःच्या मर्जीने दर हलविता येत नाहीत. राज्याच्या हाती स्वतंत्रपणे उरतात ती मद्यावरील उत्पादन शुल्क, मुद्रांक शुल्क, वाहनकर, विजेवरील शुल्क, मंडी शुल्क, व्यवसाय कर आणि पेट्रोल-डिझेलवरचा व्हॅट इतकीच साधने. त्यांतील व्यवसाय कराला तर संविधानानेच वर्षाला २,५०० रुपयांची मर्यादा घातली आहे, म्हणून त्याच्याविषयीचा गलबला मला नेहमीच त्याच्या आकाराहून मोठा वाटत आला आहे.

इंधनाची तक्रार मात्र खरी आहे. उत्तर प्रदेशात हा कर बराच हलका असल्यामुळे आग्र्याहून किंवा झाशीहून येणारा ट्रकवाला टाकी तिकडेच भरून निघतो, ग्वाल्हेरच्या पंपमालकाचे गिऱ्हाईक बुडते आणि सरकारचा महसूलही. पण सीमेवरच्या दोन-चार जिल्ह्यांसाठी दर उतरवावयाचा तर तो इंदूर-जबलपूरलाही उतरवावा लागतो, आणि तेथे खप वाढण्याची आशा नसल्याने खजिन्यात निव्वळ तूट येते. सव्वा कोटीहून अधिक स्त्रियांना लाडली बहना योजनेचे पैसे दरमहा पोचविण्याची जबाबदारी शिरावर असलेला अर्थमंत्री ही तूट आपखुशीने पत्करील, हे संभवत नाही.

मग मागावे तरी काय? या प्रश्नाचे उत्तर ग्वाल्हेरच्याच इतिहासात सापडते असे माझे मत आहे. महाराज जयाजीराव शिंद्यांनी किल्ल्यात साठविलेली गंगाजळी प्रसिद्धच आहे. १८८६ साली महाराज निवर्तले तेव्हा युवराज नऊ वर्षांचे होते, आणि खजिन्याचा ठाव त्यांना लागावयास मध्ये बरीच वर्षे जावी लागली. परंतु ज्या महाराजांनी ही संपत्ती दडवून ठेवली त्यांनीच १८७२ साली आग्रा-ग्वाल्हेर लोहमार्गासाठी पंचाहत्तर लक्ष रुपये कर्जाऊ दिले आणि पुढच्याच वर्षी इंदूर-नीमच मार्गासाठी तेवढीच रक्कम दिली. त्यांचे पुत्र माधवराव याहून पुढे गेले. १९०७ साली टाटांच्या पोलाद कंपनीचे भांडवल सुमारे आठ हजार भारतीयांनी तीन आठवड्यांत उभे केले, आणि पुढे खेळत्या भांडवलाची निकड पडली तेव्हा चार लक्ष पौंडांचे कर्जरोखे सर्वच्या सर्व एकट्या शिंदे सरकारने घेतले. १९०५ साली त्यांनीच गुराढोरांच्या खरेदी-विक्रीसाठी मेळा सुरू केला; १९२१ साली बिर्लांनी येथे जियाजीराव कॉटन मिल उभारली; आणि ज्या ग्रासिम कंपनीचे नाव आज सर्वतोमुखी आहे ती १९४७ साली ग्वाल्हेर रेयॉन म्हणूनच नोंदली गेली. संस्थानी कारभाराचे गोडवे गाण्याचा येथे हेतू नाही. त्या कारभाराला प्रजेच्या प्रतिनिधींपुढे जमाखर्च मांडावा लागत नव्हता, ही त्याची सोय होती आणि दोषही. परंतु त्या काळचा पैसा रेल्वे, पोलाद, गिरणी अशा वर्षानुवर्षे टिकणाऱ्या गोष्टींत गुंतला, ही गोष्ट उरतेच.

त्या पार्श्वभूमीवर आजच्या मेळ्याकडे पाहावे. अलीकडे या मेळ्याचे मुख्य आकर्षण म्हणजे तेथे खरेदी केलेल्या वाहनावरील करात मिळणारी पन्नास टक्के सूट. बाहेरगावचे विक्रेतेही ग्वाल्हेरच्या परिवहन कार्यालयाचे प्रमाणपत्र घेऊन येथे दुकान मांडतात, सवलत जाहीर होईपर्यंत गिऱ्हाईक गाडी घेणे लांबणीवर टाकते, आणि मग मेळ्याच्या उलाढालीचे आकडे मोठ्या दिमाखाने छापून येतात. त्यांतील किती खरेदी नवीन आणि किती नुसती भिंड-मुरैन्याहून किंवा नोव्हेंबरातून जानेवारीत सरकलेली, याचा हिशेब फारसे कोणी विचारीत नाही. मोटारी येथे बनत नाहीत, येथे केवळ विकल्या जातात. करमाफीचा लाभ मोटार घेण्याची ऐपत असलेल्यास मिळतो, आणि मेळा संपताच त्याची खूणही मागे राहत नाही.

याउलट मालनपूर आणि बानमोर यांची अवस्था पाहा. एक भिंड जिल्ह्यात, दुसरे मुरैना जिल्ह्यात. कामगार आणि व्यवस्थापक बव्हंशी ग्वाल्हेरला राहतात, म्हणजे रहदारीचा आणि पाण्याचा भार या शहरावर, आणि कारखान्यांवरचा स्थानिक कर मात्र त्याच्या महानगरपालिकेबाहेर. बिर्लानगरची ती कॉटन मिल १९९० च्या दशकात बंद पडल्यावर कामगारांच्या देण्यांचा आणि जागेचा प्रश्न कित्येक वर्षे रेंगाळला. आता आग्र्यापर्यंत ८८ किलोमीटरच्या सहापदरी महामार्गाला केंद्राने ऑगस्ट २०२४ मध्ये मंजुरी दिली आहे, खर्च ४,६१३ कोटी. परंतु महामार्गापासून कारखान्याच्या फाटकापर्यंतचा रस्ता, सांडपाण्याची नाली आणि लघुउद्योजकाला परवडेल असा लहान भूखंड ही कामे राज्याचीच. शिवाय फेब्रुवारी २०२५ च्या भोपाळच्या गुंतवणूकदार परिषदेत राज्याने मोठ्या समारंभाने जी उद्योगधोरणे जाहीर केली, त्यांत अनुदानांची आश्वासने भरघोस आहेत. परंतु मंजूर झालेले अनुदान मुदतीत हाती न पडणे ही लघुउद्योजकाची जुनी व्यथा आहे, कारण मोठी कंपनी दोन वर्षे थांबू शकते, गजक किंवा गालिचे निर्यात करू पाहणारा छोटा कारागीर थांबू शकत नाही.

२०२५-२६ चा अर्थसंकल्प सुमारे चार लक्ष एकवीस हजार कोटींचा होता आणि त्यात नवा कर नव्हता, याचे स्वागत सर्वांनी केले. त्यापेक्षा अधिक मोलाची गोष्ट म्हणजे उद्योगांना मंजूर झालेली आणि प्रत्यक्ष दिलेली रक्कम जिल्हावार दाखविणारा एक तक्ता अर्थसंकल्पासोबत दरसाल प्रसिद्ध व्हावा, आणि थकबाकीसाठी स्वतंत्र तरतूद असावी. चेंबरने यंदाच्या निवेदनात या मागणीला पहिले स्थान द्यावे, औद्योगिक क्षेत्रांतील रस्ते व पाणी यांना दुसरे, आणि मेळ्यातील करसवलत अगदी अखेरीस लिहावी. वगळली तरी चालेल.