लिहिती मुले – भाग ७ : वाक्याला वाक्य जोडताना

मागच्या भागात परिच्छेद कुठे सुरू करावा आणि कुठे थांबवावा, हे पाहिले. आज परिच्छेदाच्या आत शिरू.

‘पाऊस आला. आम्ही पळालो. आम्ही देवळात थांबलो. देऊळ जुने होते.’ सहावी-सातवीच्या वह्यांत अशी वाक्ये पानोपानी भेटतात. त्यांत चूक एकही नसते, पण वाचताना पावलापावलाला अडखळायला होते. ‘वाक्ये जोडा’ म्हटले, की ‘आणि’, ‘मग’, ‘नंतर’ यांची रांग लागते. हीच मुले परीक्षेत केवल, संयुक्त आणि मिश्र वाक्ये बरोबर ओळखतात. ओळखण्याचा सराव त्यांना भरपूर मिळतो, घडवण्याचा फारसा मिळत नाही.

फ्रँक ओहेअर यांनी अमेरिकेत सातवीच्या मुलांना व्याकरणाच्या संज्ञा न शिकवता केवळ वाक्यजोडणीचा सराव दिला. १९७३ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात, सराव केलेल्या मुलांचे निबंध इतरांपेक्षा सरस ठरले. पुढे २००७ मध्ये स्टीव्ह ग्रॅहम आणि डोलोरेस पेरिन यांनी चौथी ते बारावीच्या लेखन-अध्यापनासाठी ज्या अकरा पद्धती सुचवल्या, त्यांतही वाक्यजोडणी आहे.

मराठीत तर जोडणीची साधने मुलांच्या बोलण्यातच असतात. ‘जाऊन’, ‘जाताना’, ‘गेलेला’, ‘गेल्यामुळे’ ही रूपे ती दिवसभर वापरतात, पण लिहिताना विसरतात. वरची चार वाक्ये अशी जोडता येतील: ‘पाऊस आल्यामुळे आम्ही पळत जाऊन जुन्या देवळात थांबलो.’ इथे एक खाचखळगा आहे. काही मुले ‘पाऊस येऊन आम्ही पळालो’ असे लिहितात आणि ते कानाला खटकते. येणारा पाऊस, पळणारे आम्ही. ‘ऊन’ सहसा एकाच कर्त्याच्या दोन क्रिया जोडते. कर्ते वेगळे असले, की ‘आल्यामुळे’ किंवा ‘आला म्हणून’ हवे.

आता ही वाक्ये पाहा: ‘आजी बाजारातून आली. तिने पिशवी खाली ठेवली. पिशवीत कणसे होती. कणसे कोवळी होती.’

एक मुलगी लिहील, ‘बाजारातून आलेल्या आजीने कोवळ्या कणसांची पिशवी खाली ठेवली.’ दुसरी लिहील, ‘आजीने बाजारातून येऊन खाली ठेवलेल्या पिशवीत कोवळी कणसे होती.’ दोन्ही बरोबर. पहिल्या वाक्यात लक्ष आजीकडे जाते, दुसऱ्यात कणसांकडे. कशाला महत्त्व द्यायचे, हे जोडणारा ठरवतो. म्हणूनच वाक्यजोडणी हा विचार करायला लावणारा अभ्यास आहे.

वर्गात सुरुवात तोंडी करावी. एकाच संचाची तीन-चार उत्तरे फळ्यावर लिहावीत, मोठ्याने वाचावीत आणि कोणते का आवडले, हे मुलांनाच विचारावे. ‘बरोबर उत्तर’ एकच ठेवले, तर सरावातला जीव जातो. प्रत्येक वाक्य लांबवायचेही नाही. चार ओघवत्या वाक्यांनंतर आलेले ‘पूल तुटला.’ हे एवढेसे वाक्य जोरकस वाटते.

या आठवड्याचा सराव: ‘नदीला पूर आला. पूल पाण्याखाली गेला. एसटी आली नाही. गुरुजी शाळेत पोहोचले.’ ही वाक्ये मुलांकडून तीन प्रकारे जोडून घ्या. शेवटच्या वाक्यापाशी कोण ‘म्हणून’ लिहितो आणि कोणाला ‘तरीही’ सुचते, ते पाहा. ज्याला ‘तरीही’ सुचले, त्याला घटनांमधला संबंध कळला.

पुढच्या भागात: लिहिलेले स्वतःच तपासण्याची सवय.