कर, चहा आणि पलटणी : तेरा वसाहतींचे एक राष्ट्र कसे झाले

आजचा प्रश्न असा, की १७६३ साली फ्रान्सला हरवून जगातली सर्वांत बलाढ्य सत्ता ठरलेल्या इंग्लंडने पुढच्या वीस वर्षांत अमेरिकेतल्या तेरा वसाहती गमावल्या, त्या कशा?

बहुतेक जण म्हणतील, करांमुळे. ते खरे आहे, पण अपुरे आहे. कराचा वाद राजकीय होता. तो मिटवायला सैनिक पाठवले आणि वादाचे युद्ध झाले. फौजेत आयुष्य घालवलेला माणूस म्हणून मला हा भाग जास्त महत्त्वाचा वाटतो.

आधी पैशांचे पाहू. सात वर्षांच्या युद्धाने इंग्लंडचे सरकारी कर्ज जवळजवळ दुप्पट झाले होते. त्यातच अमेरिकेत सुमारे दहा हजार सैनिक कायम ठेवायचे ठरले. त्यांचा थोडा खर्च वसाहतींनी उचलावा, म्हणून १७६५ मध्ये स्टॅम्प अ‍ॅक्ट आला. कोर्टाची कागदपत्रे, वर्तमानपत्रे, अगदी पत्त्यांचे कॅट, सगळ्यांवर मुद्रांक लागला. वसाहतवाल्यांचे म्हणणे सरळ होते : लंडनच्या पार्लमेंटमध्ये आमचा एकही प्रतिनिधी नाही, मग आमच्यावर कर बसवणारे तुम्ही कोण? विरोध इतका झाला, की पुढच्याच वर्षी कायदा मागे घ्यावा लागला. पण त्याच वेळी पार्लमेंटने दुसरा कायदा करून बजावले, की वसाहतींसाठी वाटेल तो कायदा करायचा हक्क आमचाच. म्हणजे कर गेला, भांडण राहिले.

१७६७ मध्ये काच, रंग, कागद, शिसे आणि चहा यांवर नवी जकात आली. बॉस्टनमध्ये जकात अधिकाऱ्यांना काम करणे अवघड झाले, तेव्हा १७६८ च्या ऑक्टोबरात तिथे पलटणी उतरवल्या. शहराची वस्ती जेमतेम पंधरा-सोळा हजार. शिपायांचा पगार तुटपुंजा, म्हणून ते फावल्या वेळात कमी मजुरीवर कामे करायचे. स्थानिक कामगारांच्या पोटावर पाय आला आणि रोजच्या चकमकी सुरू झाल्या. ५ मार्च १७७० च्या रात्री पहाऱ्यावरच्या शिपायांवर जमावाने बर्फाचे गोळे आणि काठ्या फेकल्या. गोळी सुटली, पाच माणसे मेली. खटल्यात त्या शिपायांचे वकीलपत्र घेतले जॉन अ‍ॅडम्सने, जो पुढे अमेरिकेचा दुसरा राष्ट्राध्यक्ष झाला. कॅप्टन प्रेस्टन आणि आठपैकी सहा शिपाई निर्दोष सुटले. पण लोकांच्या मनातला निकाल कोर्ट बदलू शकत नाही.

मग आला चहा. १७७३ चा कायदा अडचणीत आलेल्या ईस्ट इंडिया कंपनीला वाचवण्यासाठी होता. गंमत अशी, की त्याने चहा स्वस्तच होणार होता! पण स्वस्त चहा घेणे म्हणजे कराचा हक्क मान्य करणे. १६ डिसेंबरला बॉस्टनच्या बंदरात ३४२ पेट्या समुद्रात गेल्या. सरकारने बंदरच बंद केले आणि मॅसॅच्युसेट्सचे स्वशासन आवळले. शिक्षा एका वसाहतीला, धसका सगळ्यांना. १७७४ च्या सप्टेंबरात बारा वसाहतींचे प्रतिनिधी फिलाडेल्फियात एकत्र बसले. एरवी एकमेकांशी फारसे न पटणारे हे लोक लंडनच्या हट्टाने जवळ आले.

१९ एप्रिल १७७५ ला सुमारे सातशे शिपाई कॉन्कर्डचा शस्त्रसाठा जप्त करायला निघाले. वाटेत लेक्सिंग्टनला गोळीबार झाला. परतताना भिंती-झाडांआडून शेतकऱ्यांनी त्यांना झोडपले. मदतीला दुसरी तुकडी धावली, तरी ७३ ब्रिटिश सैनिक ठार झाले. इंग्रज शहरे जिंकू शकत होते. पण शहराबाहेरचा मुलूख त्यांच्या ताब्यात राहत नव्हता आणि बरीचशी रसद अटलांटिक ओलांडून आणावी लागत होती.

४ जुलै १७७६ ला स्वातंत्र्याची घोषणा झाली. १७७७ च्या साराटोगाच्या विजयानंतर फ्रान्स उघडपणे मदतीला आला. १७८१ मध्ये यॉर्कटाउनला फ्रेंच आरमाराने समुद्राची वाट अडवली आणि कॉर्नवॉलिसच्या फौजेने शस्त्रे खाली ठेवली. १७८३ मध्ये तह झाला. हाच कॉर्नवॉलिस १७८६ मध्ये गव्हर्नर जनरल म्हणून आपल्याकडे आला आणि मराठे व निजाम यांना सोबत घेऊन टिपूशी लढला.

एक गोष्ट मात्र विसरू नका. स्वातंत्र्याच्या त्या घोषणेच्या वेळी वसाहतींतला साधारण प्रत्येक पाचवा माणूस गुलाम होता आणि तो गुलामच राहिला. तो हिशेब पुढे १८६१ च्या यादवी युद्धात चुकता करावा लागला.

मंडळी, शिपाई हुकूम पाळतो. तो रस्ता मोकळा करू शकतो, बंदर बंद करू शकतो. पण 'आमच्यावर कर बसवणारे तुम्ही कोण?' या प्रश्नाचे उत्तर त्याच्या बंदुकीत नसते. ते लंडनला द्यायचे होते आणि दहा वर्षांत ते दिले गेले नाही.

पुढच्या भागात पाहू, या राज्यांनी १७८७ मध्ये एक राज्यघटना कशी घडवली. तोवर, जय हिंद!