घराचं वाळवण

पुराचं पाणी ओसरतं, गाळ निघतो, फरशी पुन्हा चकाकते. पण घर वाळलं का? हे अंदाजाने नव्हे तर मोजून ठरवायचं एक शास्त्र आहे. त्याचं रीतसर प्रशिक्षण असतं, परीक्षा असते, प्रमाणपत्रही मिळतं. पुरानंतर घर पुन्हा उभं करणाऱ्या आपल्या बायकांना त्याची ओळख असायलाच हवी.

“अगं, हात लावून बघितलं, भिंत कोरडी लागतेय. रंगारी पुढच्या आठवड्यात मोकळा आहे. गणपतीच्या आत उरकून घेते,” चिपळूणहून वहिनी फोनवर सांगत होती. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी घरात शिरलं होतं, त्याला जेमतेम तीन आठवडे झाले होते. मी इकडे ह्यूस्टनमध्ये. एरवी घरच्या गोष्टीत वहिनीला सल्ला द्यायची माझी प्राज्ञा नाही. पण त्या दिवशी मी जवळजवळ ओरडलेच, “वहिनी, रंग नको लावूस!”

ती क्षणभर गप्प झाली. मग म्हणाली, “म्हणजे गणपती काय पोपडे सुटलेल्या भिंतीपुढे बसवायचा?”

तिला मी काय उत्तर दिलं ते सांगण्याआधी माझी स्वत:ची फजिती सांगायला हवी.

२५ ऑगस्ट २०१७ ला टेक्सासच्या किनाऱ्यावर ‘हार्वी’ हे चक्रीवादळ धडकलं आणि पुढचे कित्येक दिवस तिथेच घुटमळत राहिलं. नेदरलँड नावाच्या इथल्या एका गावात त्या वादळात ६०.५८ इंच पाऊस मोजला गेला. म्हणजे दीड मीटरहून जास्त! ह्यूस्टनच्या पश्चिमेला ॲडिक्स आणि बार्कर हे दोन जलाशय आहेत. ते भरले, पाणी सोडावं लागलं आणि आमच्या घरात गुडघाभर पाणी आलं. ‘धरणाचे दरवाजे उघडले’ हे शब्द मी लहानपणी रेडिओवर खूप ऐकले होते. त्यांचा अर्थ परदेशात येऊन कळला.

इथली घरं लाकडी सांगाड्याची. सांगाड्याला दोन्ही बाजूंनी जिप्समचे तक्ते ठोकलेले असतात, त्याला ड्रायवॉल म्हणतात. मधल्या पोकळीत कापसासारखं इन्सुलेशन. चहात खारी बुडवली की चहा कसा वर चढतो, तसं या भिंतीत पाणी चढतं. आम्ही घरचे चौघं आणि मराठी मंडळातली सात-आठ माणसं मिळून गालिचे उपसून बाहेर टाकले, भिंती चार फुटांपर्यंत कापल्या, पंखे लावले. दोन आठवड्यांत घर कोरडं झालं. निदान आम्हाला तसं वाटलं. कंत्राटदारालाही तसंच वाटलं, की त्याला पुढच्या घरी जायची घाई होती, कोण जाणे. नव्या भिंती लागल्या, रंग झाला, पाहुणे येऊन जेवून गेले.

डिसेंबरात धाकट्याच्या खोलीत कुबट वास यायला लागला. आधी वाटलं, याचेच मोजे असतील. मग त्याचा खोकला थांबेना. शेवटी तपासणीसाठी एक बाई आल्या. त्यांच्याकडे दोन सुया असलेलं मोबाइलएवढं यंत्र होतं. भिंतीच्या तळाशी छोटंसं भोक पाडून त्यांनी त्या सुया आतल्या लाकडात टोचल्या. आकडा आला २६. “हा सोळाच्या आत यायला हवा होता, मग भिंत लावायची,” त्या शांतपणे म्हणाल्या. नवी कोरी भिंत पुन्हा फोडली. मागची बाजू काळ्या बुरशीने भरली होती.

आम्ही आळस केला नव्हता. जिवापाड मेहनत केली होती. फक्त मोजलं नव्हतं. “तुम्ही हे कुठे शिकलात?” मी त्यांना विचारलं. त्यांनी पर्समधून एक कार्ड काढून दाखवलं. दीड वर्षाने तसंच कार्ड माझ्याही पर्समध्ये आलं.

पाण्याच्या तीन तऱ्हा

त्या कार्डावर ‘आयआयसीआरसी’ ही अक्षरं असतात. १९७२ साली गालिचे आणि सोफे धुणाऱ्यांना प्रमाणपत्र देण्यापासून सुरू झालेली ही अमेरिकन संस्था. पाण्याने खराब झालेलं घर कसं पूर्ववत करायचं, याची तिची नियमावली ‘एस-५००’ या नावाने ओळखली जाते. ती १९९४ साली पहिल्यांदा निघाली, २०२१ मध्ये तिची पाचवी आवृत्ती आली. संस्था स्वत: वर्ग घेत नाही, मान्यताप्राप्त प्रशिक्षक घेतात. पहिला वर्ग साधारण तीन दिवसांचा, ‘डब्ल्यूआरटी’, म्हणजे पाण्याने झालेलं नुकसान निस्तरणाऱ्या तंत्रज्ञाचा. फी काही शे डॉलर, परीक्षेची वेगळी. तो पास झालं की ‘एएसडी’, म्हणजे वास्तू वाळवण्याचा पुढचा वर्ग करता येतो. कार्ड मिळालं म्हणजे संपलं असंही नाही. ते टिकवायचं तर पुढेही ठराविक तास शिकत राहावं लागतं.

आमच्या वर्गात बावीस जण होते. प्लंबर, गालिचेवाले, एक निवृत्त ट्रकचालक. बायका आम्ही तिघी.

पहिलाच धडा असा की सगळं पाणी सारखं नसतं. नळ फुटून आलेलं स्वच्छ पाणी पहिल्या प्रकारात. कपडे धुण्याच्या यंत्रातून बाहेर पडलेलं, थोडं दूषित पाणी दुसऱ्या. गटाराचं, नदीच्या पुराचं, समुद्राचं पाणी तिसऱ्या. पहिल्या प्रकारचं पाणीही साचून राहिलं की दिवसागणिक खालच्या प्रकारात घसरतं. तिसऱ्या प्रकारच्या पाण्यात भिजलेली गादी, उशी, गालिचा वाचवायच्या भानगडीत पडायचं नसतं. गादी उन्हात टाकली की वास जातो, घाण जात नाही. हे ऐकताना मला आपल्याकडच्या गच्च्यांवर वाळत पडलेल्या पुरातल्या गाद्या दिसत होत्या.

दुसरा धडा, पाणी किती खोल मुरलंय याचा. त्याचे चार वर्ग. नुसती कडा भिजलेली खोली पहिल्या वर्गात. आणि लाकूड, वीट, गिलावा, काँक्रीट यांच्या पोटात पाणी गेलं असेल तर चौथ्या. वाळायला सगळ्यात चिवट तो हा चौथा. वेळ मात्र थोडा असतो. ओलं घर २४ ते ४८ तासांत वाळलं नाही तर बुरशी धरायला लागते.

आईची गच्ची

दुसऱ्या दिवशी प्रशिक्षकांनी फळ्यावर हवा, उष्णता आणि बाष्प यांचा एक भलामोठा आलेख काढला. वर्गातल्या आडदांड पुरुषांना घाम फुटला. मला मात्र आईची गच्ची आठवली. कुरडया कधी घालायच्या? उन्हं तापलेली हवीत, वारं हवं आणि हवा कोरडी हवी. आभाळ भरून आलं की ऊन असूनही कुरडई वातड राहते. वरून कडक आणि आतून ओली कुरडई डब्यात भरली की महिन्याभरात तिला बुरशी येते. माझी भिंत म्हणजे अशीच घाईने डब्यात भरलेली कुरडई होती!

आलेखात हेच आकड्यांत होतं. २० अंश तापमानाची एक घनमीटर हवा जास्तीत जास्त १७ ग्रॅम बाष्प धरते, ३० अंशांची ३० ग्रॅम. म्हणजे हवा तापवली की तिची तहान वाढते. पण हवा आधीच भरलेली असेल तर ती भिंतीतलं पाणी कुठे ठेवणार? कोकणात भर पावसाळ्यात २८ अंश तापमान आणि ९० टक्के आर्द्रता असते, तेव्हा त्या हवेत घनमीटरमागे तीन ग्रॅमचीही जागा उरलेली नसते. मग नुसता पंखा फिरवून ओली हवाच फिरते. म्हणून व्यावसायिक लोक वारा देणाऱ्या पंख्यांबरोबर हवेतलं पाणी शोषून घेणारी यंत्रं लावतात.

त्याहूनही आधीची पायरी म्हणजे उपसणं. एक लिटर पाण्याची वाफ व्हायला सुमारे दोन-तृतीयांश युनिट विजेइतकी उष्णता लागते. तेच पाणी पंपाने किंवा फडक्याने काढलं तर जवळजवळ फुकटात जातं. जे पिळून काढता येतं ते वाळवत बसायचं नाही.

पुढच्या वर्गात तर प्रशिक्षकांनी गोदामात एक छोटं घरच उभारलं होतं. आमच्यासमोर त्यात पाणी सोडलं आणि म्हणाले, वाळवा! रोज सकाळ-संध्याकाळ भिंतीचे, जमिनीचे, हवेचे आकडे तक्त्यात भरायचे. थंड-गरम दाखवणाऱ्या कॅमेऱ्यात भिंतीचा निळा डाग दिसला की आम्ही ‘ओल, ओल’ म्हणून धावायचो. मग कळलं, कॅमेऱ्याला फक्त गारवा दिसतो. ओल आहे की नाही, ते सुया टोचूनच ठरवायचं. आणि कोरडं कशाला म्हणायचं? त्याच घराचा जो भाग भिजलाच नव्हता, त्याच्या आकड्याशी बरोबरी झाली की कोरडं.

चिपळूणची भिंत

आता वहिनीकडे वळते. खरं सांगायचं तर तिच्याशी बोलताना माझ्या प्रमाणपत्राची गुर्मी पहिल्या पाच मिनिटांतच उतरली. माझं शिक्षण लाकडी घरांचं, चोवीस तास विजेचं आणि विमा कंपनीच्या पैशाचं. तिचं घर जांभ्याचं, वर गिलावा. जांभा पाणी पितो म्हणजे किती पितो! पहिले काही दिवस तर वीजच नव्हती. ती भिंत दोन दिवसांत काय, दोन महिन्यांतही वाळणार नव्हती. भिंत कापून फेकायची सोयही नाही.

पण पद्धत तीच. मी तिला म्हटलं, “एक हातभर प्लास्टिकचा कागद घे, भिंतीला लाव आणि चारी कडा चिकटपट्टीने बंद कर. उद्या बघ.” दुसऱ्या दिवशी तिने फोटो पाठवला. कागदाच्या आतल्या बाजूला थेंब साचले होते. हाताला कोरडी लागणारी भिंत आतून अजून पाणी सोडत होती. रंगाऱ्याला थांबवलं.

मग भाच्याने पुण्याहून आर्द्रता दाखवणारं छोटं घड्याळ आणि सुयांचं यंत्र आणून दिलं. गिलाव्यावर या यंत्राचा आकडा टक्के म्हणून वाचायचा नसतो, नुसती तुलना करायची असते. माडीवर पाणी गेलं नव्हतं, तिथल्या भिंतीवर आकडा आला १४. खालच्या भिंतीवर यंत्राची मोजपट्टीच संपली! वहिनीने दिनदर्शिकेच्या मागच्या कोऱ्या बाजूला रकाने आखले आणि रोज लिहायला लागली.

“सासूबाई शेगडी पेटवून खोलीत ठेवायच्या, तसं करू का?” तिने विचारलं. मी नको म्हटलं. बंद खोलीत कोळशाचा विषारी वायू जीव घेऊ शकतो. गॅसची शेगडी पेटवली तर वेगळीच गंमत. एक किलो गॅस जळला की दीड किलोहून जास्त पाणी वाफ होऊन खोलीतच येतं. त्यापेक्षा ऊन पडलं की दारं-खिडक्या सताड उघडायच्या. पाऊस लागला आणि वीज असली की बंद करून वातानुकूलन यंत्र ‘ड्राय’वर चालवायचं.

कमरेपर्यंतचा फुगलेला गिलावा खरवडून काढला. कपाटं भिंतीपासून वीतभर पुढे घेतली. आणि गणपतीसाठी? आम्ही दोघींनी मिळून तोड काढली, पातळ चुन्याचा हात. ऑइलपेंटसारखा चुना भिंतीचं तोंड बंद करत नाही, आतली ओल बाहेर पडू शकते. १० सप्टेंबरला पांढऱ्या चुन्याच्या भिंतीपुढे गणपती बसले. वहिनीने फोटो पाठवला आणि खाली लिहिलं, ‘बाप्पाची हरकत नाही.’ खालची भिंत १६ वर यायला पुढचा मार्च उजाडला. मग रंग लागला. तो अजून आहे.

हे काम कुणाचं?

२००५ ची मुंबई, २०१९ चं सांगली-कोल्हापूर, २०२१ चं चिपळूण आणि महाड. प्रत्येक वेळी फोटोत गाळ उपसणाऱ्या बायका दिसतात. पंचनाम्यात भांडी, धान्य, फ्रिज यांची नोंद होते. महिनाभर घर धुणाऱ्या, वाळवणाऱ्या हातांची होत नाही. ‘बायकांनी घर आवरलं’ एवढ्यात ते संपतं. इथे याच कामाला हुद्दा आहे, तासाचे पैसे आहेत आणि खिशात कार्ड आहे.

सगळ्यांनी अमेरिकन परीक्षा द्यावी असं माझं मुळीच म्हणणं नाही. ज्यांना इंग्रजी जमतं त्यांना आता हे वर्ग घरबसल्या ऑनलाइनही करता येतात. पण कृष्णा, पंचगंगा, वाशिष्ठीच्या काठावरच्या गावागावांत बचत गट आहेत. अशा एकेका गटाला दोन यंत्रं, गमबूट, मास्क आणि तीन दिवसांचं मराठीतून प्रशिक्षण एवढं दिलं तरी किती फरक पडेल! आत पाऊल टाकण्याआधी मेन स्विच बंद असल्याची खात्री करणं, आधी धुऊन मगच जंतुनाशक मारणं, ब्लीचिंग पावडर आणि संडास धुण्याचं ॲसिड कधीही एकत्र न करणं, पायाला जखम असताना पुराच्या पाण्यात उतरावं लागलं तर डॉक्टरांना लगेच दाखवणं, हेही त्यातच शिकवता येईल. आणि या कामाचा मोबदला मिळावा. घरचं म्हणून फुकट, असं नको.

मध्यंतरी वहिनीच्या शेजारच्या काकूंकडे टाकीचा पाइप फुटून भिंत भिजली. चार दिवसांनी त्या विचारायला आल्या, “हाताला तर कोरडी लागतेय. रंग काढू का गं?”

“थांबा काकू, येते मी,” म्हणत वहिनीने देवघराखालच्या खणातून यंत्र काढलं. आणि जाताना पेन्सिलही घेतली.